मास्तरांचा नंबर

माणसाचा रक्तदाब मोजायला शिकताना मी इतक्या चुका केल्या, की त्यातल्या निम्म्या जरी परीक्षकांच्या समोर झाल्या असत्या तरी मी आज डॉक्टर नसतो. माझ्या बऱ्याच पेशंटांचं त्यात भलंच झालं असतं. पण त्या चुका झाल्या जाफराबादच्या वाटेवरच्या एका फाट्यावर, एसटीच्या निवाऱ्यात, आणि त्या सगळ्याच्या सगळ्या पाहणारा माणूस एकच होता. अंबादास मास्तर. त्यांनी त्या गावात कुणाला सांगितल्या नाहीत. मला मात्र प्रत्येक वेळी सांगितल्या.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथले काही लोक अजून म्हणतात, की आमच्याकडं आधी बीपी नव्हतं, ते शिकाऊ डॉक्टर आले आणि बीपी आलं. यात थोडं तथ्य आहे. ते पुढं येईलच.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. डॉक्टरकीचं शेवटचं वर्ष खेड्यात काढायचं, असा नियम होता. आम्हा पोरांना कॉलेजनं तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यात टाकलं होतं. दर गुरुवारी कॉलेजची मेटॅडोर आम्हाला एका गावात सोडायची. काम एकच, चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब मोजायचा. खेड्यात आजारी वाटल्याशिवाय कुणी दवाखान्याची पायरी चढत नाही, आणि बीपीच्या माणसाला पडेपर्यंत आजारी वाटत नाही. म्हणून आपणच त्याच्या दारात जायचं. कागदावर फार सुंदर दिसत होतं हे.

पहिल्या गुरुवारी आम्ही पोचलो तर ग्रामपंचायतीच्या कचेरीला कुलूप. किल्ली सरपंचांकडं आणि सरपंच कोर्टाच्या तारखेला जालन्याला. मी, माझ्याबरोबरची मनीषा आणि ड्रायव्हर कचरूभाऊ, असे तिघं भर उन्हात फाट्यावर उभे. तेवढ्यात निवाऱ्यातून एक गृहस्थ बाहेर आले. अंगात खाकी शर्ट, धुऊन धुऊन ताकाच्या रंगावर आलेला. खिशाच्या वर बिल्ल्याची दोन भोकं तेवढी शिल्लक.

"कुणाकडं आलात?"

"कुणाकडं असं नाही. गावात आलोय. बीपी तपासायला."

"कुणाची?"

"सगळ्यांची."

त्यांनी मेटॅडोरकडं एकदा पुढून आणि एकदा मागून पाहिलं, घोडं विकत घेताना पाहतात तसं. "मंग गाडी इथंच लावा. ष्टँड हाय ना."

कचरूभाऊ तोंडाळ माणूस. "कसलं ष्टँड मामा? गाडी येती का इथं कोणती?"

"आत्ता आली न्हाई का?" ते म्हणाले, आणि आमची पेटी उचलून आत चालू लागले.

एसटीत कंडक्टरला मास्तर म्हणतात. हे जन्मभर कंडक्टर. शेवटची कित्येक वर्षं त्यांना ड्यूटी मिळाली होती ती स्वतःच्याच गावच्या मुक्कामी गाडीची. संध्याकाळी जालन्याहून गाडी घेऊन यायचं, गाडी या निवाऱ्याशेजारी मुक्कामाला आणि मास्तर घरी. पहाटे पुन्हा गाडी घेऊन निघायचं. त्यांच्या मते महामंडळात याहून मोठा हुद्दा नव्हता. मग ते रिटायर झाले, रस्त्यावर जीपा आल्या, जीपांनी माणसं उचलली, आणि एक दिवस मुक्कामी गाडी बंद झाली. पाठोपाठ दुपारची झाली. निवारा तेवढा राहिला. मास्तर तो रोज झाडायचे. माठ भरून ठेवायचे. भिंतीवर गाड्यांचं वेळापत्रक होतं. त्यातली एकही गाडी येत नव्हती, पण अक्षरं काल रंगवल्यासारखी. दर दिवाळीला स्वतः रंग आणून मास्तर ती पुन्हा काढायचे.

मी विचारलं, "हे कशाला?"

"उद्या गाडी चालू झाली तर लोकायला वेळ कसा कळंल?"

मी शहाणा. मी म्हणालो, "चालू झाली तर वेळ बदललेली असेल ना."

मास्तरांनी माझ्याकडं बघितलं आणि माठातलं पाणी दिलं.

त्या दिवशी अर्ध्या तासात त्यांनी निवारा भरवला. कुणाला घरातून, कुणाला पानटपरीवरून, कुणाला चालत्या बैलगाडीतून उतरवून आणलं. बायकांसाठी एका कोपऱ्यात लुगड्याचा पडदा. पडद्याआड मनीषा, बाहेर मी. आणि मधोमध मास्तर, पाय फाकवून उभे. ते कधी बसायचे नाहीत. आयुष्यभर हलत्या गाडीत उभं राहून त्यांचे पाय तसेच घडले होते. बोलता बोलता एखाद्या रस्त्याचं नाव निघालं, की त्या रस्त्यावर जिथं वळण असेल तिथं मास्तर हलकेच त्या बाजूला कलायचे. भोकरदनच्या घाटाची गोष्ट सांगताना तर त्यांना धरावं की काय असं वाटायचं.

"चला, पुढं सरका. मधी लई जागा हाय. दांडा धरा, आज्जी."

दांडा नव्हता. आज्जीनं माझा खांदा धरला.

रांग चालवायची त्यांची पद्धत एसटीचीच. खिशात चहाचा स्टीलचा चमचा असायचा. तो निवाऱ्याच्या लोखंडी खांबावर मारायचा. एक घंटी म्हणजे पेशंटनं थांबायचं, बसायचं. दोन घंट्या म्हणजे झालं, चला. गावानं हे इतकं पटकन उचललं की मी "उठा आता" म्हटलं तर कुणी उठेना. सगळे चमच्याकडं बघत बसायचे.

आता माझी अडचण बघा. रक्तदाब मोजायचा म्हणजे दंडाला पट्टा बांधायचा, फुगा दाबून पारा वर चढवायचा, आणि हळूहळू हवा सोडत कानाला नळ्या लावून पहिला ठोका कधी ऐकू येतो ते पकडायचं. मी जीव कानात आणून त्या ठोक्याची वाट बघायचो, आणि नेमकी तेव्हाच पडद्याआडची बाई उठायची आणि मास्तर टण् टण् करायचे. एका म्हाताऱ्याचं बीपी मी त्या दिवशी चक्क मास्तरांच्या चमच्याचं लिहिलं. त्याला ताबडतोब शहरात हलवा, असंही सांगितलं. म्हातारा उठला आणि शेतात निघून गेला. पुढं तो बरीच वर्षं जगला, असं कळलं.

त्यानंतर नळ्या पुसून पुन्हा घातल्या, तर मला घंटीच काय, काहीच ऐकू येईना. पट्टा फुगवायचा, सोडायचा, कानात शुकशुकाट. मनीषाला विचारायची लाज. मग पुस्तकात नॉर्मल म्हणून जो आकडा असतो तो मी सगळ्यांना वाटायला लागलो. एकशेवीस-ऐंशी. एकशेवीस-ऐंशी. लोकही खूश होऊन उठत होते.

मास्तर जवळ आले. खाली वाकले. "डाक्टर, एक इचारू का?"

"विचारा ना."

"इथून भोकरदन आणि इथून जालना. तिकीट एकच लागंल का?"

"एकच कसं लागेल?"

"मंग ही गिरजाबाई पार काडी हून गेली, आन किसनराव दारातून आडवा आत येतो. दोघायला बी एकशेवीस-ऐंशीच?"

पडद्याआडून मनीषाचं हसू ऐकू आलं. ती बाहेर आली, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "अरे, कानातल्या नळ्या उलट्या घातल्यास तू." त्या काढून सुलट्या घातल्या आणि एकदम जग सुरू झालं. गिरजाबाईच्या दंडातून असा ठोका आला की मी दचकलो. सगळी रांग पुन्हा सुरुवातीपासून घ्यावी लागली. त्या दिवसापासून कचरूभाऊ मला नावानं हाक मारायचा बंद झाला. "एकशेवीस-ऐंशी, चला, उशीर व्हतो" असंच म्हणायचा.

सगळे झाले तसं मी म्हणालो, "मास्तर, आता तुमचं."

"कंडक्टर शेवटी."

"शेवटच आहे. कुणी राहिलं नाही."

त्यांनी रस्त्याकडं पाहिलं. लांबून एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन येत होती. "ती राह्यली ना," म्हणाले, आणि तिला आणायला गेले. तिचं होईपर्यंत उन्हं कलली. गाडी अंधाराच्या आत परत न्यायची, असा कचरूभाऊला हुकूम. त्यानं हॉर्न दिला. मास्तर म्हणाले, "राहू द्या. माझा नंबर राह्यला. पुढच्या गुरुवारी गाडी हाय ना?"

"आहे."

"मंग पुढच्या गुरुवारी."

आम्ही गाडीत चढलो. मास्तर दाराशी येऊन आत डोकावले. "सामान बघून घ्या. मागं काई ठिवू नका." एसटीत शेवटचा थांबा आला की ते हेच म्हणायचे. मग खांबाजवळ जाऊन चमच्यानं दोन घंट्या दिल्या. कचरूभाऊ पहिल्यांदा हसला होता. पुढं पुढं असं झालं की इंजिन चालू करून तो आरशात बघत बसायचा. टण् टण् झाल्याशिवाय गियर टाकायचा नाही.

असे गुरुवार येत गेले. दर गुरुवारी मास्तरांचा नंबर राहायचा. कधी कुणी पाहुणा आलेला असायचा, कधी कुणाला पुन्हा मोजायचं असायचं. एकदा तर त्यांनी शेजारच्या वस्तीवरून सबंध लग्नाचं वऱ्हाड उतरवून आणलं होतं. नवरदेवाचंही बीपी मोजलं. जास्त निघालं. कुणाला नवल वाटलं नाही.

आता ते बीपी आणल्याचं सांगतो.

तिसऱ्या का चौथ्या खेपेला माझ्या वहीत चमत्कार दिसायला लागला. ज्याला बघावं त्याचं बीपी जास्त. पहिल्या गुरुवारी बरोबर असलेली माणसं आता वर गेलेली. मला वाटलं, आपल्या हाती काहीतरी मोठं लागलं. या भागातल्या पाण्यात दोष असणार, किंवा मिठात, किंवा रक्तात. मी विभागाच्या मॅडमना कळवलं, की निम्मं गाव धोक्यात आहे. हे माझ्या नावानं कुठंतरी छापून येईल, इथपर्यंत माझी मजल गेली होती. मी शर्टाला इस्त्री केली.

मॅडम स्वतः आल्या. पाच मिनिटं निवाऱ्यात उभ्या राहिल्या. मग मास्तरांकडं बोट करून मला विचारलं, "ते काय देतायत?"

मास्तर रांगेतल्या प्रत्येकाला चहा देत होते. निवाऱ्याच्या मागं तीन दगडांची चूल, तिच्यावर पातेलं. चहा असा की चमचा उभा राहावा. एवढ्या लांबून लोक आपल्या शब्दावर येतात, ताटकळतात, त्यांना तोंडात काही नको का, म्हणून हा खर्च त्यांनी आपण होऊन सुरू केला होता. चहावर तंबाखूचा विडा. चहा संपला की घंटी, आणि घंटी झाली की माणूस घाईघाईनं उठून माझ्यापुढं. गावाचं बीपी पाण्यात नव्हतं, पातेल्यात होतं. आणि मी ते तीन गुरुवार पीत पीत मोजत होतो.

मॅडम माझ्यावर जे बोलल्या ते इथं नको. मास्तरांशी मात्र हळू बोलल्या. "मास्तर, चहा प्यायलं, तंबाखू खाल्ली, की अर्धा तास मोजायचं नाही. आणि बीपी घ्यायच्या आधी माणसानं पाच मिनिटं नुसतं बसायला हवं. काही न करता."

"काईच न करता?"

"बोलायचंसुद्धा नाही फार."

मला वाटलं, मास्तर नाराज होतील. पातेलं उतरवावं लागणार. पण त्यांचा चेहरा वेगळाच झाला. ते वळले, आणि निवाऱ्याच्या बाकांवर सगळ्यांना ओळीनं बसवलं. म्हातारे, बाया, पागोटेवाले, कडेवर पोरं घेतलेल्या आज्ज्या. पिशव्या मांडीवर. सगळे रस्त्याकडं तोंड करून गप्प बसलेले. मास्तर एका टोकाला उभे राहिले आणि बघत राहिले. मी जवळ गेलो तर मला खुणेनं गप्प केलं.

थोड्या वेळानं म्हणाले, "असंच असायचं. गाडीची टायमिंग झाली की असंच बसून राह्यचे लोक. बराबर असंच."

त्या दिवसानंतर तो नियम मास्तरांनी जितका पाळला तितका आमच्या कॉलेजातही कुणी पाळला नसेल. पाच मिनिटांची ते दहा करायचे. कुणी चुळबुळ केली की "बसा, यायलीच आता" म्हणायचे. काय येणार होतं, ते कुणी विचारायचं नाही.

त्या वाट बघण्यातच एकदा ते रशीदभाईंबद्दल बोलले. रशीदभाई म्हणजे मुक्कामी गाडीचे ड्रायव्हर. बरीच वर्षं दोघांची जोडी. जेवण मास्तरांच्या घरी, झोप गाडीत, सीटवर. मास्तरांच्या बायकोच्या हातची भाकरी त्यांना इतकी आवडायची की रजेच्या दिवशीही ते डबा मागवायचे.

"डोकं दुखायचं त्याचं," मास्तर म्हणाले. "रुमाल करकचून बांधायचा डोक्याला आन गाडी हाकायचा. मी म्हणायचो, रशीदभाई, दाखवा कुणाला तरी. तो म्हणायचा, मास्तर, घंटी द्या. लेट हून राह्यलं." ते थांबले. "मंग त्याची बदली झाली. तिकडंच गेला. झोपेत. मला बाराव्याला, म्हंजी त्यांच्या चाळिसाव्याला कळलं. त्याचं मोजायला कुणी आल्तं न्हाई."

मग खिशातला चमचा काढून त्यांनी पुढच्या माणसाला एक घंटी दिली.

माझी विसरभोळेपणाची खोड जुनी. एका गुरुवारी मी स्टेथोस्कोप निवाऱ्यातच विसरलो. मास्तर "सामान बघून घ्या" म्हणाले होते, मी "घेतलं, घेतलं" म्हणालो होतो. जाफराबादच्या अलीकडं आल्यावर गळा मोकळा लागला. कचरूभाऊनं माझ्या घराण्याबद्दल चार शब्द बोलून गाडी वळवली.

निवाऱ्यात कुणी नव्हतं. मास्तरांचं घर विचारत गेलो. एक खोली, पुढं ओसरी. दार उघडं. आत एका बाजूला खाट, दुसऱ्या बाजूला चूल, मधे काहीच नाही. भिंतीला खिळ्यावर कंडक्टरची चामड्याची पिशवी, तेल लावून चकचकीत. मुलगा पुण्याला कंपनीत होता. शेत भावाच्या पोरांकडं. बायको कधी गेली, ते साल त्यांच्या बोलण्यात कधी यायचं नाही, "ती असताना" एवढंच यायचं.

मास्तर ओसरीवर मांडी घालून बसले होते. डोळे मिटलेले. कानात माझ्या नळ्या, सुलट्या. चकती सदऱ्याच्या आत छातीवर.

मी खाकरलो. त्यांना ऐकू गेलं नाही. मी समोर जाऊन उभा राहिलो तेव्हा डोळे उघडले. गडबडले नाहीत. हातानंच थांबा म्हणाले, आणखी थोडं ऐकलं.

"चालू हाय," म्हणाले.

"काय?"

"इंजन. गाडी उभी हाय, पर इंजन चालू हाय. बंद करायचं इसरलंय कुणीतरी."

त्यांनी नळ्या काढल्या, उपरण्यानं पुसल्या आणि माझ्या गळ्यात घातल्या. मग चहा टाकला. कचरूभाऊलाही बोलावून आणलं. पातेल्यातला सगळा चहा संपेपर्यंत आम्हाला उठू दिलं नाही. एरवी मोजून बोलणारे मास्तर त्या दिवशी जालन्यापासून गावापर्यंतचा एकेक थांबा सांगत गेले, आणि प्रत्येक वळणावर कलत गेले. निघताना म्हणाले, "बरं झालं इसरलात. गाडी दोनदा आली आज."

परतताना कचरूभाऊ म्हणाला, "एकशेवीस-ऐंशी, तुम्हाला येक कळलं का? ह्यो माणूस बीपीला भेत न्हाई. नंबर शिल्लक ठिवतो. नंबर शिल्लक असला की गाडीला यावं लागतंय."

मला कळलं नव्हतं. मी डॉक्टर होणार होतो.

आमची मुदत संपली. पुढच्या तुकडीला घनसावंगीकडची गावं दिली होती, गाडीही तिकडंच जाणार. ज्यांचं बीपी खरोखर जास्त निघालं होतं त्यांना दवाखान्यातली सिस्टर घरी येऊन गोळ्या देणार, अशी सोय लागली होती. काम चांगलं झालं होतं. मॅडमसुद्धा तसं म्हणाल्या, माझं नाव वगळून.

शेवटच्या गुरुवारी मी पोचल्या पोचल्या मास्तरांना हे सांगितलं. ते मान हलवत राहिले.

"सिस्टर येनार म्हंजी घरी घरी जानार."

"हो."

"निवाऱ्यात न्हाई."

"नाही, मास्तर."

"बराबर हाय. लोकायच्या सोयीचं हाय." मग चमचा काढून त्यांनी रांग सुरू केली. त्या दिवशी फार माणसं नव्हती. रस्त्यावर गवताचा भारा घेऊन कुणी येत नव्हतं. मास्तरांनी दोनदा बघितलं.

"कंडक्टर शेवटी म्हणाला होतात," मी म्हणालो. "शेवट आलाय."

ते बाकावर बसले. त्या निवाऱ्यात त्यांना बसलेलं मी पहिल्यांदा पाहत होतो. मी पट्टा काढला तर हात वर केला. "आधी पाच मिनिटं. तुमचाच नियम हाय."

मग आम्ही बसलो. ते, मी, मनीषा, आणि कचरूभाऊही गाडीतून उतरून आला. चौघंही रस्त्याकडं तोंड करून. एक जीप माणसं लोंबकळवत निघून गेली, तिनं वेग कमी केला नाही.

"इथं बसलं की रस्ता लई लांबवर दिसतो की," मास्तर म्हणाले. "मला म्हाईतच नव्हतं."

मी पट्टा बांधला. त्यांचा दंड वाळलेला, पण कातडी घट्ट. नळ्या सुलट्या आहेत ना, हे दोनदा तपासलं. पारा चढवला, हवा सोडली, कान दिला. त्या दिवशी मला इतकं स्वच्छ ऐकू आलं, की आजवर तसं पुन्हा आलेलं नाही. मी आकडा पाहिला, पुन्हा मोजला. तोच.

"किती?" मास्तर म्हणाले.

"एकशेवीस-ऐंशी."

कचरूभाऊ हसला. मास्तरही हसले. "ते तुमचं ठरलेलं तिकीट. खरं सांगा."

"खरंच तेवढं आहे."

त्यांचा विश्वास बसला नाही. कसा बसणार? मनीषानं मोजलं. तिनं पुन्हा एकदा मोजलं आणि म्हणाली, "अगदी बरोबर आहे मास्तर. काही काळजी नाही."

"बिलकुल न्हाई?"

"बिलकुल नाही."

"पुन्हा मोजायची गरज?"

मनीषानं माझ्याकडं पाहिलं. "सध्या तरी नाही," ती म्हणाली.

बाकीचे लोक आकडा चांगला निघाला की देवाला हात जोडायचे. मास्तरांनी बाही खाली ओढली, गुंडी लावली, ती चुकीच्या काजात गेली, सोडून परत लावली. "थोडं जास्त असतं तरी चाललं असतं," म्हणाले. एवढंच.

आम्ही पेटी बांधली. सगळे बाहेर पडले. मी मागं राहिलो, आणि गळ्यातला स्टेथोस्कोप काढून बाकावर ठेवला. भिंतीच्या बाजूला, पटकन दिसणार नाही असा. हे मी विसरलो नव्हतो. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी वस्तू विचार करून मागं ठेवत होतो. स्टेथोस्कोप इथं राहिला तर तो न्यायला यावंच लागेल, घनसावंगी असो नाहीतर आणखी कुठं. माझ्या डोक्यात तेवढंच होतं.

मी गाडीत बसल्यावर मास्तर दाराशी आले. आत डोकावले. "सामान बघून घ्या. मागं काई ठिवू नका."

"घेतलं सगळं."

त्यांनी माझ्या गळ्याकडं पाहिलं की नाही, मला सांगता येणार नाही. ते खांबापाशी गेले. टण् टण्. कचरूभाऊनं गियर टाकला. गाडी फाट्यावरून डांबरी रस्त्याला लागली असेल नसेल, तोच मागून एकच घंटी आली. टण्.

कचरूभाऊचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

मास्तर चालत आले. पळत नाही. उभ्या गाडीकडं कंडक्टर येतो तसे, सावकाश. खिडकीतून हात आत घातला. हातात माझा स्टेथोस्कोप होता, उपरण्यानं पुसलेला.

"हे राह्यलं व्हतं," म्हणाले.

त्यांनी तो माझ्या मांडीवर ठेवला.

"शेवटच्या फेरीला सामान बघून घ्यायचं असतं, डाक्टर. डेपोत गेल्यावर गावत न्हाई."

मग ते परत गेले. खांबापर्यंत जायला त्यांना बराच वेळ लागला. कचरूभाऊ इंजिन चालू ठेवून आरशात बघत बसला. मनीषा दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघत होती. टण् टण् झालं तेव्हा गाडी हलली.

मागच्या काचेतून मला निवारा दिसत होता, वेळापत्रकाची ठळक अक्षरं दिसत होती, आणि अक्षरांच्या खाली खाकी शर्ट, पाय फाकवून उभा. पुढं रस्ता वळतो. कचरूभाऊनं वळण जोरात घेतलं, आणि आम्ही तिघंही एका बाजूला कललो. मास्तर सरळ उभे होते.